चित्र आलं, आवाज नाही

माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, हे ज्यांना मी अजून सांगितलेलं नाही अशी माणसं आमच्या इमारतीत फारशी उरलेली नाहीत. खालच्या वॉचमनलाही मी सांगितलं होतं. तो नुसता "बरं" म्हणाला आणि पंप बंद करायला गेला. लिफ्टमध्ये भेटणाऱ्याला तीन मजल्यांत सांगून होतं. पाचव्या मजल्यावर जाणारा सापडला तर इतर सिस्टिम माणसाला कसं मिंधं करून ठेवतात, हेही सांगून होतं. दोन वर्षांपूर्वी जावयाने फोनवरून एकेक बटण सांगत माझ्याकडून ती बसवून घेतली. तेव्हापासून मी त्या मशीनवर पत्रं लिहितो, बातम्या वाचतो आणि गाणी ऐकतो. याहून जास्त काही मी त्याला कधी करायला सांगितलेलं नाही, एवढा एक तपशील मी लिफ्टमध्ये गाळत असे.

त्यामुळे बायको फोनवर बोलत असताना पलीकडून "मग ती फाइल लावायची कुणाकडे?" असं ऐकू आलं, तेव्हा मी शेजारच्या खुर्चीतून, कोणी विचारलं नसताना, मोठ्याने म्हणालो, "आमच्याकडे!"

पलीकडे सात नंबर होती. हे तिचं नाव नव्हे. आमची ही ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिथे अकरा बायका अकरा बोर्डांसमोर उंच स्टुलांवर बसायच्या. दोन गावांतल्या दोन माणसांना बोलायचं असलं, तर मध्ये यांच्यापैकी एकीने वायरीचं टोक उचलून नेमक्या भोकात घालायचं, तेव्हा बोलणं व्हायचं. नावाने हाका मारायला तिथे सवड नसे. ज्या बोर्डावर बसाल तोच तुमचा नंबर. आमची ही चार नंबर, एकोणतीस वर्षं. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिला न्यायला गेलो, तेव्हा दारावरच्या माणसाने जिन्यात तोंड घालून आरोळी दिली, "चार नंबर, तुमचा माणूस आलाय!" मला तर नंबरही नव्हता.

या अकरा जणींच्या पाठीमागून येरझारा घालणाऱ्या सुपरवायझर म्हणजे बाई. बाईंचं वय आता सत्त्याऐंशी. येत्या रविवारी त्या पुतण्याकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या, आगगाडीने दोन दिवस लागतात इतक्या लांब. "येऊ की भेटायला" असं सगळ्या म्हणत होत्या आणि म्हणताना दुसरीकडे बघत होत्या. हाताने जोडायचं एक्स्चेंज बंद झालं त्या शेवटच्या दुपारी कोणाच्या तरी दिराने कॅमेरा आणून शूटिंग केलं होतं. ती टेप इतकी वर्षं सात नंबरच्या कपाटात पडून होती. आता तिने ती स्टुडिओवाल्याला देऊन तिची फाइल करून घेतली. शनिवारी चार वाजता सगळ्या जमणार आणि बाईंना ती दाखवणार असं ठरलं. त्या टेपमध्ये नऊ नंबर बोलते. नऊ नंबर तीन वर्षांपूर्वी गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

बायकोने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला जमेल ना?"

"अगं, लिनक्स आहे!"

"ते मला माहीत आहे. तुम्हाला जमेल ना?"

या प्रश्नातला फरक माझ्या लक्षात आला, पण मी तो आला असं दाखवलं नाही.

गुरुवारी सकाळी पेनड्राइव्ह आला. आधी मी तो टीव्हीला लावून बघितला, कारण शक्य तिथे सोप्या मार्गाने जावं अशा मताचा मी आहे. टीव्हीने 'फाइल चालत नाही' असे तीन शब्द दाखवले आणि तोंड फिरवलं. का चालत नाही, काय केलं तर चालेल, काही नाही. आमच्या पाणीपुरवठा खात्यात मी चौतीस वर्षं काढली; अर्जावर नुसतं 'नामंजूर' लिहून परत करणारे साहेब मी बघितले आहेत. त्यांचं पुढे भलं झालेलं नाही.

माझं लिनक्स तसं नव्हे. मी फाइलवर दोनदा टिचकी मारली, तर एक चौकट उघडली आणि त्यात अगदी अदबीने लिहिलेलं होतं की हा व्हिडिओ दाखवायला अमुक नावाचा डिकोडर लागतो, तो सध्या आपल्याकडे नाही, शोधू का? मला भरून आलं. नकार द्यावा तर असा.

आता हा डिकोडर किंवा कोडेक म्हणजे काय, हे मी त्या दिवसात सात लोकांना समजावलं, त्यामुळे मलाही थोडं समजलं आहे. व्हिडिओ म्हणजे मोठं गाठोडं. ते आहे तसं नेता येत नाही, म्हणून घड्या घालून, दाबून, कोंबून एका छोट्या बॅगेत भरतात. घड्या घालायच्या पद्धती अनेक. ज्या पद्धतीने घातल्या त्याच पद्धतीने उलगडणारा माणूस घरात असेल तर कपडे बाहेर निघतात, नाहीतर बॅग उघडते आणि आत नुसता गोळा दिसतो. तो उलगडणारा माणूस म्हणजे कोडेक. आणि यातल्या काही घड्यांवर कोणाकोणाचा हक्क लागलेला असतो, म्हणून लिनक्सवाले तो माणूस परस्पर तुमच्या घरात पाठवत नाहीत. तो बाहेर उभा आहे, हवा तर तुम्ही तुमच्या जबाबदारीवर आत घ्या, म्हणतात. जगात कुठे कुठे बसलेल्या लोकांनी आपापली कामं सांभाळून, कोणी सांगितलं नसताना ही सगळी सिस्टिम लिहिली. आणि वर इतका संकोच! आमच्या खात्यात हक्काचं पाणी सोडतानाही एवढा विचार होत नसे.

मी जावयाला फोन लावला. तो जहाजावर असतो. जहाज समुद्रात होतं, फोन लागला नाही. मग मी स्वतःच शोधून 'निर्बंधित जादा सामान' अशा अर्थाच्या नावाचं एक गाठोडं काढलं आणि काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, त्याचा हुकूम टाइप केला. काळ्या खिडकीत टाइप करताना माणूस आपोआप ताठ बसतो.

तेवढ्यात शेजारचे इन्स्पेक्टर आले. हे वजनमापे खात्यातून निवृत्त झाले आहेत. आयुष्यभर दुसऱ्याचे तराजू तपासल्यामुळे ते कुठेही आले की आधी थोडे वाकून बघतात. काळ्या खिडकीत ओळीमागून ओळी धावत होत्या. इन्स्पेक्टर म्हणाले, "व्हायरस आहे."

"नाही हो. सामान येतंय."

"पावती घ्या."

ओळी थांबल्या. पडदा जांभळा झाला आणि मध्ये एक करडी चौकट आली. तिच्यात अटी आणि शर्ती गच्च भरल्या होत्या. कोडेकबरोबर कसली तरी अक्षरांची वळणं, म्हणजे फाँट, येत होती, त्यांच्या मालकाच्या अटी. मी खालच्या 'ओके'वर माउस नेऊन टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. मग दोनदा मारली, उजव्या बटणाने मारली, दाबून धरून सोडली.

"आधी वाचायला लागतं," इन्स्पेक्टर म्हणाले. "न वाचता सही करू देत नाहीत. चांगली पद्धत आहे."

मग आम्ही दोघांनी वाचलं. म्हणजे इन्स्पेक्टरांनी मोठ्याने वाचलं आणि मी 'हं' म्हणालो. विमानतळ आणि अणुभट्टी इथे ही अक्षरं वापरून काही झालं तर मालक जबाबदार नाही, अशा आशयाचं एक कलम त्यांनी दोनदा वाचलं आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. मी माझा तसा काही विचार नसल्याचं सांगितलं. सगळं वाचून झालं. 'ओके'वर टिचकी मारली. काही नाही.

आता वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. खरं म्हणजे ते लिफ्टने खाली निघाले होते, पण आमचं दार उघडं दिसलं. त्यांनी खिशातून हात न काढता पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कधीपासून आहे?"

"अर्ध्या तासापासून."

"काढून टाका. किडकं ठेवू नये. ती खिडकीच बंद करा आणि नव्याने सुरू करा."

डॉक्टरांच्या बोलण्यात असं काही असतं की माणूस आपोआप तोंड उघडतो. मी खिडकी बंद केली, नवीन उघडली आणि तोच हुकूम पुन्हा टाइप केला. उत्तर आलं: कुलूप मिळत नाही. तीन हजार एकशे सत्तावीस क्रमांकाची प्रक्रिया ते धरून बसली आहे.

ही भाषा मला कळली! चौतीस वर्षांत मी दुसरी भाषा बोललो नाही. कपाटाला कुलूप आहे, किल्ली एका कारकुनाच्या खिशात आहे आणि तो कारकून जागेवर नाही. फरक इतकाच की आमच्याकडे किल्ली कोणाकडे आहे हे कोणी कधी सांगितलं नाही. इथे कारकुनाचा बिल्ला नंबर पहिल्याच ओळीत दिला होता. मी या सचोटीने थक्क होऊन बघत राहिलो. डॉक्टर म्हणाले, "मशीन बंद करून चालू करा," आणि कामाला गेले.

मशीन बंद करून चालू केलं. आता उत्तर आलं: मागचं काम अर्धवट सोडलं गेलं आहे, पुढे काही करण्याआधी हा खालचा हुकूम आपल्या हाताने चालवून ते पुरं करा. हुकूमही खाली दिलेला. मी चालवला. ओळी धावल्या, थांबल्या, पडदा जांभळा झाला, आणि तीच करडी चौकट, त्याच अटी, तेच 'ओके'.

"वाचू का?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"नको," मी म्हणालो. माझा आवाज थोडा चढला असावा, कारण बायको आतून आली.

"काय झालं?"

"काही नाही. हे बटण दाबलं जात नाहीये."

तिने माझ्या खांद्यावरून हात पुढे घातला, की-बोर्डावरची टॅबची कळ एकदा दाबली आणि मग एंटर. चौकट गेली. ओळी पळायला लागल्या.

मी आणि इन्स्पेक्टर एकमेकांकडे बघत राहिलो.

"शेवटची सहा वर्षं मी चौकशीच्या टेबलावर होते," ती म्हणाली. "तिथल्या पडद्याला माउस कुठे होता? टॅबने पुढे, एंटरने होय. त्याला माउस दिसतच नाही हो, तुम्ही कितीही बडवा." आणि दूध गॅसवर आहे म्हणत आत गेली.

इन्स्पेक्टर पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "वहिनींनी अटी वाचल्या नाहीत."

गुरुवारी संध्याकाळी चित्र आलं. काय चित्र होतं! लांबलचक खोली, एका रांगेत अकरा पाठी, अकरा अंबाडे आणि वेण्या, प्रत्येकीच्या डोक्यावर पट्टी आणि एका कानावर काळी वाटी. बावीस हात वर-खाली, आडवे-तिडवे चाललेले. वायरी उचलल्या जातात, भोकांत जातात, निघतात, आणि एकीचा हात दुसरीच्या हाताला लागत नाही. बिनधक्क्याची एवढी गर्दी मी तरी कुठे बघितली नाही. चौथी पाठ मी लगेच ओळखली. ती पाठ मी घरात अनेक वेळा माझ्याकडे फिरवलेली बघितली आहे, पण इतक्या वेगात कधी बघितली नव्हती. मागून उंच, सडपातळ बाई येरझारा घालत होत्या.

"बघ!" मी ओरडलो. "लिनक्स!"

बायको पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आवाज?"

आवाज नव्हता. मी गोल चक्रासारखं बटण फिरवलं, पडद्यावरची पट्टी शंभरावर नेली, एकशे पन्नासवर नेली. कॅमेऱ्याकडे वळून बाई काहीतरी बोलल्या. नऊ नंबर वळून हसली, तिचे ओठ हलले. काहीही नाही.

"चित्र तर आलं," मी म्हणालो. "खरं सांगू? असंच जास्त छान वाटतंय. मूकपट. बघणारा आपल्या मनाने..."

"अहो, बाईंना दिसत नाही आता."

मी पट्टी पुन्हा शंभरावर आणली.

"दोन वर्षं झाली. उजेड आणि सावली, एवढंच. तुम्हाला मी दोनदा सांगितलंय. बाई बघायला येत नाहीयेत. ऐकायला येतायत."

दोनदा सांगितलं होतं, हे खरं. मी दोन्ही वेळा 'हं' म्हणालो होतो, हेही आठवलं.

शुक्रवार सगळा आवाजाच्या मागे गेला. आता अख्ख्या इमारतीला कळलं होतं. जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस आधी थोडी विचारपूस करी आणि मग उपाय सांगे. घरात कोणी आजारी असावं तसं. एकाने पेनड्राइव्ह पुसून लावायला सांगितला. एकाने फाइलचं नाव लहान ठेवायला सांगितलं. स्टुडिओवाल्याला फोन केला, तो कुठल्याशा लग्नाच्या मांडवात होता. मागे बँड वाजत होता. "माझ्याकडे वाजत होतं!" एवढं तो ओरडला. मी आवाजाचे म्हणून जेवढे कोडेक सापडले तेवढे सगळे आणले. दोन वेगळे प्लेयर आणले. तिन्ही प्लेयरमध्ये बाई तीन वेळा कॅमेऱ्याकडे वळल्या आणि तीन वेळा काही बोलल्या नाहीत. पिंजऱ्यात तीन साक्षीदार उभे करावेत आणि तिघांनीही वकिलाकडे नुसतं बघावं, तसं झालं.

मशीनबद्दल माझा आदर मात्र जराही कमी झाला नाही. ते काही लपवत नव्हतं. विचारलं की सांगायचं, व्हिडिओ आहे, आवाज आहे, आवाजाचा कोडेक आहे, सगळं ठीक आहे. आमच्या नळाचंही तेच असे. कागदावर पाणी पूर्ण दाबाने चालू.

डॉक्टरांनी संध्याकाळी लिफ्टमध्ये निकाल दिला. "मुळासकट काढा. सगळी सिस्टिम पुसा आणि नवी बसवा. दुखणं भरत बसण्यात अर्थ नाही."

शनिवारी सकाळी दहा वाजता मी खुर्चीत बसलो होतो. पडद्यावर प्रश्न होता: डिस्क पूर्ण पुसून नव्याने सिस्टिम बसवायची का? यात आपलं सर्व काही जाईल. इन्स्पेक्टर मागे उभे होते. ते म्हणत होते की असले निर्णय दोन साक्षीदारांच्या समक्ष घ्यावेत. माझं बोट एंटरवर होतं. काय काय जाणार, याची मी मनात उजळणी करत होतो.

बायको वही आणि पेन्सिल घेऊन आली आणि स्टूल ओढून शेजारी बसली. मान सरळ, पाठ ताठ. ही बसण्याची पद्धत मला ओळखीची वाटली. परवाच पडद्यावर अकरा वेळा बघितली होती.

"ते बंद करा आधी."

"अगं, पण डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टरांना दात काढू देत. लाइन मेली म्हणून कोणी एक्स्चेंज पाडतं का? आधी बिघाड कुठल्या टोकाला आहे ते बघायचं. एक बोलणारा असतो, एक ऐकणारा असतो, मध्ये लाइन असते. एका वेळी एकच बघायचं. आणि बघितलं ते लिहायचं, नाहीतर तेच परत बघत बसतो माणूस." हे शेवटचं वाक्य कोणाला उद्देशून होतं, हे तिने सांगितलं नाही. इन्स्पेक्टर मात्र एक पाऊल मागे झाले.

"एखादं गाणं लावा तुमचं."

लावलं. वाजलं. तिने लिहिलं: गाणं येतं. "आता आपली फाइल." लावली. शांतता. तिने लिहिलं: फाइल येत नाही. "आता आवाज कुठपर्यंत येतोय ते दाखवणारं काही आहे का यात? आमच्या बोर्डावर छोटा दिवा असायचा."

असं काही मशीनमध्ये असेल, हे मला माहीत नव्हतं. होतं. आवाजाच्या सेटिंगमध्ये एक पट्टी होती. फाइल चालू होती, खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती, आणि ती पट्टी चांगली थुईथुई नाचत होती.

बायकोचा चेहरा उजळला. "बोलतंय की! कोणीतरी बोलतंय. लाइन जिवंत आहे. तुम्ही दोन दिवस बोलणाऱ्याला मारताय. बिघाड ऐकणाऱ्याच्या टोकाला आहे."

तिने तिच्या मोबाइलचा इअरफोन आणला, मशीनला लावला, त्याचं एक बोंडुक कानात घातलं आणि डोळे मिटले. पाच सेकंद गेली.

"येतंय," ती म्हणाली.

मी खुर्चीतून उडालो. दुसरं बोंडुक लोंबत होतं, ते मी माझ्या कानात घातलं. इअरफोनची वायर वीतभर; आमची डोकी एकमेकांना लागली. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाल्यावर अशा अवस्थेत इन्स्पेक्टरांनी आपल्याला बघावं हे मला पसंत नव्हतं, पण वेळच तशी होती.

"काही येत नाहीये," मी म्हणालो.

"अहो, स्वच्छ येतंय! बाई बोलतायत. 'दोन नंबर, मान वर' म्हणाल्या."

"काहीही नाही. नुसतं शूं."

"तुम्ही कान तपासून घ्या."

"माझे कान? चाळीस वर्षं मी संगीत ऐकतोय!"

"ऐकता हो. आत्ता गप्प बसा, मला ऐकू द्या."

"तू मनाने ऐकतेयस. तुला पाठ आहे ते सगळं."

तिने डोळे उघडले, कानातलं बोंडुक काढलं, माझ्या कानातलं काढलं, आणि काही न बोलता अदलाबदल केली. माझ्या कानात एकदम एक खोली उघडली. खटखट, खुर्च्या, घंटी, दहा-अकरा बायका एकाच वेळी वेगवेगळ्या माणसांशी वेगवेगळं बोलतायत, आणि सगळ्यांच्या वरून एक करकरीत आवाज: "सहा नंबर, गप्पा नंतर!"

"आता मला नुसतं शूं," बायको म्हणाली. ती हसत होती. "एकाच बाजूला आवाज आहे. डाव्या. त्या कॅमेऱ्याला एकच कान होता म्हणा, नाहीतर स्टुडिओवाल्याने एकच वायर लावली असेल. तुमच्या गाण्यात दोन्हीकडे असतो, म्हणून कळलं नाही."

"पण तुला पहिल्या फटक्यात डावं कसं सापडलं?"

"वाटी डाव्या कानावर असायची आमची. उजव्या हाताने लिहायचं ना." तिला यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. एकोणतीस वर्षं रोज आठ तास परक्या माणसांची सुखदुःखं त्या एका कानातून पलीकडे गेली होती. तो कान अजून कामावर होता.

"म्हणजे मग डावा स्पीकर," इन्स्पेक्टर वाकून बघत म्हणाले. तीन दिवसांत त्यांचा हा पहिला कामाचा शब्द. "डावा स्पीकर कुठे आहे?"

टेबलावर एकच स्पीकर होता. मी खोलीभर नजर फिरवली. डावा स्पीकर भिंतीवरच्या फळीवर होता. जाडजूड शब्दकोश घसरू नये म्हणून मीच त्याला टेकण म्हणून तिथे ठेवला होता. त्याची वायर अतिशय व्यवस्थित गुंडाळून, रबर लावून ठेवलेली होती. कधी, म्हणून विचाराल तर लिनक्स आलं त्या आठवड्यात, टेबल आवरताना.

"म्हणजे दोन वर्षं..." बायकोने सुरुवात केली.

"हो."

"चाळीस वर्षं संगीत ऐकणाऱ्या माणसाने..."

"हो, हो."

"...अर्धंच ऐकलं, आणि त्याला कळलंही नाही."

इन्स्पेक्टरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. कमी मापाची इतकी वर्षांची केस त्यांच्याही नोकरीत आली नसावी. मी स्टुलावर चढून स्पीकर काढला, शब्दकोश खाली कोसळले, आणि त्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही. बायकोने वहीत शेवटची ओळ लिहिली, खाली तारीख आणि वेळ घातली आणि वही मिटली.

चार वाजता सगळ्या आल्या. सात जणी आणि बाई. खुर्च्या कमी पडल्या, त्या इन्स्पेक्टरांनी स्वतः वाहून आणल्या आणि मग जायचं विसरून दाराशी उभे राहिले. डॉक्टरही आले, काय काढलं ते बघायला आले होते. काही काढलं नाही म्हटल्यावर थोडे खट्टू झाले. बायकोने बाईंचा हात धरून त्यांना अशा खुर्चीत बसवलं की डावा स्पीकर थेट त्यांच्यासमोर यावा. बाईंनी खोलीत सगळीकडे चेहरा फिरवला.

"चार नंबर, किती जणी आल्यात?"

"सात, बाई."

"उशिरा कोण आली?"

"दहा नंबर."

"वाटलंच," बाई म्हणाल्या. दहा नंबरचं वय एकाहत्तर. तिने पदर सावरला.

मी फाइल लावली. बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होतो, त्यामुळे पडद्यावर काय दिसलं ते मला सांगता येणार नाही. खटखट सुरू झाली तशा बाई खुर्चीत सरळ झाल्या. बोटं मांडीवर हलायला लागली. मध्येच त्या म्हणत, "ती लाइन सोड, पाच नंबर, संपलंय त्यांचं," आणि पुढच्याच क्षणी टेपमध्ये त्यांचाच तेव्हाचा आवाज पाच नंबरला तेच सांगे.

मग टेपमध्ये खटखट थांबली. शेवटची पाळी संपत होती. बाईंचा आवाज आला, "हजेरी. एक नंबर?"

"हजर, बाई." एक नंबर आता परदेशात मुलाकडे असते, ती फक्त टेपमधून बोलली.

"दोन नंबर?"

"हजर, बाई." हे दोन आवाज आले. एक स्पीकरमधून, एक सोफ्यावरून. कोणी ठरवलं नव्हतं. तीन नंबर, दोन आवाज. "चार नंबर?" माझ्या शेजारी बसलेली माझी बायको, जिला मी त्रेचाळीस वर्षांत कशालाही पटकन 'हो' म्हणताना ऐकलं नाही, लख्ख म्हणाली, "हजर, बाई!"

पाच नंबर. सहा. सात. आठ.

"नऊ नंबर?"

आणि नेमका त्या क्षणी पडदा काळा झाला. बराच वेळ कोणी माउसला हात लावला नाही, की लिनक्स वीज वाचवायला पडदा विझवतं. तिथेही ते कर्तव्याला चुकत नाही. मी धडपडत उठलो. मनगटावर बायकोचा हात पडला.

"थांबा," ती हळूच म्हणाली. "लाइन चालू आहे. मध्ये जायचं नाही."

मी खाली बसलो. कोणाचंच पडद्याकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.

"हजर, बाई," नऊ नंबर म्हणाली. आवाजात हसू होतं. एकटीचाच आवाज.

"दहा नंबर?"

टेपमधून उत्तर आलं. खोलीतून आलं नाही. दहा नंबरने तोंडाला पदर लावला होता.

बाईंनी चेहरा तिच्या दिशेला वळवला. नेमका वळवला, हुंदका ऐकून वळवला असणार.

"दहा नंबर," त्या म्हणाल्या, "लक्ष कुठे आहे?"

दहा नंबरने पदर खाली घेतला. नाक ओढलं. पाठ ताठ केली.

"हजर, बाई."